करचुकवेगिरीविरुद्ध आंतरविभागीय सहकार्य (लामता व बालाघाट सीमाभाग)

करचुकवेगिरीविरुद्ध आंतरविभागीय सहकार्य म्हणजे हिशेबाबाहेर चालणारा व्यापार हुडकण्यासाठी करखाती, वनखाते, खनिज विभाग, कृषी मंडी, पोलीस आणि बँका यांनी आपापल्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहण्याची व्यवस्था. अशा व्यापाराला बोलभाषेत ‘दोन नंबरचा धंदा’ म्हणतात. तो पक्क्या बिलाऐवजी कच्च्या चिठ्ठीवर आणि रोख रकमेवर चालतो. त्याचा आकार मोजणे अवघडच. राष्ट्रीय लोकवित्त व धोरण संस्थेने १९८३-८४ या वर्षासाठी देशातील काळ्या उत्पन्नाचा अंदाज ३१,५८४ ते ३६,७८६ कोटी रुपये असा बांधला होता. या अंदाजाच्या दोन टोकांतच पाच हजार कोटींचे अंतर आहे.

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात बालाघाट–नैनपूर लोहमार्गावर असलेले लामता हे सागवान, बांबू आणि तेंदूपानाच्या मुलखातले गाव आहे. राज्य वन विकास निगमाचा एक प्रकल्प विभाग याच गावाच्या नावाने ओळखला जातो. जिल्ह्याच्या दक्षिणेला महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा आणि पूर्वेला छत्तीसगड आहे. गोंदिया–नैनपूर अरुंदमापी रेल्वे १९०३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून इथल्या वनमालाचा ओढा गोंदिया-नागपूरकडे राहिला. १९५६ पर्यंत त्यात सीमेचा प्रश्नच नव्हता, कारण बालाघाट आणि भंडारा (गोंदिया तेव्हा त्याचाच भाग) हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होते आणि दोन्हीकडे १९४७ चा मध्य प्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायदा लागू होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा मुंबई राज्यात गेला. पान एका राज्यात आणि विडीचे कारखाने दुसऱ्या राज्यात अशी फाळणी झाली. विक्रीकराचे कायदेही वेगळे झाले: मध्य प्रदेशचा १९५८ चा, मुंबईचा १९५९ चा. सीमेवरच्या चोरट्या मालाला जागा मिळाली ती या दोन दप्तरांच्या मधल्या फटीत.

तेंदूपान हे या व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. मध्य प्रदेशाने १९६४ च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार सरकारी मक्तेदारीत घेतला. महाराष्ट्राने वनोपज व्यापाराच्या नियमनाचा कायदा १९६९ मध्ये केला. उन्हाळ्यात संग्राहक कुटुंबे पाने तोडून, गड्ड्या बांधून फडावर (संकलन केंद्रावर) आणतात. फडमुन्शी त्या मोजून संग्राहकाच्या कार्डावर नोंदवतो. पुढे प्राथमिक वनोपज सहकारी समिती, जिल्हा संघ आणि १९८४ मध्ये स्थापन झालेला राज्य लघु वनोपज संघ अशा पायऱ्यांनी माल व्यापाऱ्यापर्यंत जातो. फडावर दहा गड्ड्या कमी लिहिल्या गेल्या, तर पुढच्या सर्व नोंदी बिनचूक असूनही खोट्या ठरतात. शिवाय मापही एक नाही. मध्य प्रदेशात मानक बोरा ५० पानांच्या एक हजार गड्ड्यांचा, तर महाराष्ट्रात मानक गोणी ७० पानांच्या एक हजार पुडक्यांची. त्यामुळे दोन राज्यांच्या नोंदवह्या शेजारी ठेवल्या तरी आधी पानांचा हिशेब करावा लागतो. नुसत्या बोऱ्यांची संख्या जुळवली तर घोटाळाच हाती येतो.

या पानाची दखल आयकर कायद्यानेही घेतली आहे. या कायद्यानुसार (१९६१ च्या कायद्यात हे कलम २०६सी होते) तेंदूपान, लाकूड, भंगार अशा मालाच्या विक्रेत्याने खरेदीदाराकडून विक्रीच्या वेळीच कर गोळा करायचा असतो. तेंदूपानासाठी हा दर दीर्घकाळ ५ टक्के होता. रक्कम खरेदीदाराच्या पॅनवर जमा होत असल्याने वनोपज संघाची विक्री आयकर खात्याला आपोआप दिसते. अपवाद विडी कारखानदाराचा: पान आपण उत्पादनासाठीच घेत आहोत असे लेखी घोषणापत्र दिले, की हा कर गोळा केला जात नाही. ते घोषणापत्र विक्रेत्याने आयकर आयुक्तांकडे पाठवायचे असते. म्हणजे वनोपज संघाचा कागद, आयकर कार्यालयातले घोषणापत्र आणि कारखान्याचे वस्तू व सेवा कराचे (जीएसटी) विवरणपत्र ही तीन कागदपत्रे एकाच पानाबद्दल बोलतात. सहकार्य म्हणजे व्यवहारात ती एकत्र वाचणे, आणि बहुतेक वेळा ती तीन वेगवेगळ्या गावांत पडून असतात.

लाकडाची पद्धत जुनी आहे. डेपोत लिलाव झालेल्या ओंडक्यावर खात्याच्या हातोड्याचा ठसा उमटतो आणि मालाबरोबर वाहतूक परवाना दिला जातो. सर्वजण त्याला ‘टीपी’च म्हणतात. एकाच टीपीवर दोन खेपा करणे हा इथला ठरलेला डाव. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाके उठले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीत ५० हजार रुपयांवरील मालासाठी ई-वे बिल सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२१ पासून ही प्रणाली फास्टॅगशी जोडली गेली. टोलनाक्यावरची वेळ आणि टीपीवरची वेळ जुळत नसेल, तर दुसरी खेप उघडी पडते. वनखात्याचा देशव्यापी ऑनलाइन परवाना २९ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला. मध्य प्रदेशाने परिवहन खात्याचे सीमानाके १ जुलै २०२४ पासून बंद केले, त्यामुळे रस्त्यावर थांबवून तपासण्यापेक्षा संगणकातल्या नोंदींवरची भिस्त आणखी वाढली.

धानाच्या बाबतीत मात्र हे जाळे तोकडे पडते. धान करमुक्त असल्याने त्याला ई-वे बिल लागत नाही. मंडीचे अनुज्ञापत्र हाच काय तो माग. छत्तीसगडने २०२३-२४ च्या हंगामात क्विंटलला ३,१०० रुपये दिले, तेव्हा केंद्राचा आधारभाव साध्या धानाला २,१८३ रुपये होता. एवढा फरक असला की धान रात्रीतून सीमा ओलांडतो, आणि खरेदीच्या दिवसांत छत्तीसगडला महसूल, अन्न व पोलीस कर्मचाऱ्यांची नाकाबंदी करावी लागते. गिरणीत किती धान भरडला गेला हे वीजबिलावरून पडताळण्याची युक्ती करखात्यांना आवडते. पण केवळ वीजवापरावरून लपवलेले उत्पादन सिद्ध होत नाही, ही न्यायाधिकरणांची व न्यायालयांची भूमिका आहे.

बालाघाटात या प्रश्नाला आणखी एक पदर होता. माओवादी गट तेंदूपानाच्या ठेकेदारांकडून खंडणी वसूल करत. खंडणीचा खर्च ठेकेदाराच्या वहीत लिहिता येत नसे, म्हणून तेवढी विक्रीही वहीबाहेर ठेवावी लागे. म्हणूनच केंद्रीय गृहखात्याने माओवाद्यांचा पैसा रोखण्यासाठी नेमलेल्या बहुविभागीय गटात पोलिसांबरोबर सक्तवसुली संचालनालय (ईडी) आणि महसूल गुप्तवार्ता संचालनालयालाही बसवले. संग्राहकांची मजुरी थेट बँक खात्यात जमा करण्याच्या पद्धतीने ठेकेदाराच्या हातातली रोकड कमी झाली. हा उपाय मजुरासाठी योजलेला असला तरी करवसुलीलाही उपयोगी पडला.

या सर्वांना जोडणारी वरची यंत्रणा दिल्लीत आहे. केंद्रीय आर्थिक गुप्तवार्ता ब्यूरो १९८५ मध्ये स्थापन झाला. त्याच्या समन्वयाखाली १९९६ पासून प्रादेशिक परिषदा भरतात आणि मध्य प्रदेशची परिषद भोपाळला असते. प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कर मंडळांनी २१ जुलै २०२० रोजी माहितीच्या आपोआप देवाणघेवाणीचा करार केला. जुलै २०२३ मध्ये जीएसटी नेटवर्कचे नाव ईडीशी माहिती वाटून घेणाऱ्या संस्थांच्या यादीत आले. त्याच वर्षी १६ मे ते १५ जुलै या काळात केंद्र व राज्यांनी मिळून बोगस नोंदणीविरुद्ध मोहीम काढली. तीत अस्तित्वातच नसलेल्या २१,७९१ फर्म सापडल्या आणि संशयित करचोरी २४,०१० कोटींची निघाली. ज्या व्यापाऱ्याच्या दुकानाच्या पत्त्यावर गोठा आहे, तो शोधायला संगणक पुरत नाही. तिथे कोणीतरी जाऊन पाहावे लागते, आणि स्थानिक राज्य कर निरीक्षकाचे महत्त्व इथेच आहे.

सहकार्याच्या मर्यादा कायद्यातच आखलेल्या आहेत. आयकराची माहिती आयकर कायद्याने आखलेल्या चौकटीतच दुसऱ्या खात्याला देता येते. एकाच विषयावर केंद्र व राज्य अशी दोन्ही जीएसटी कार्यालये कारवाई सुरू करू शकत नाहीत. मात्र नुसते समन्स म्हणजे कारवाईची सुरुवात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. ईडीचा हातही बांधलेला आहे. जीएसटी चुकवणे हा मनी लाँडरिंग कायद्याच्या अनुसूचीतला गुन्हा नाही, त्यामुळे बनावट कागदपत्रे किंवा फसवणुकीचा गुन्हा आधी पोलिसांत दाखल व्हावा लागतो. तो दाखल करण्याइतका पुरावा अनेकदा वनरक्षकाच्या पंचनाम्यात किंवा फडमुन्शीच्या वहीतच असतो.