संगीत नाटकाची गोडी पुण्यास कशी लागली?

एखाद्या समाजास एखाद्या कलेची आवड आहे असें आपण म्हणतों, तेव्हां ती आवड त्याच्या रक्तांतच होती असें बहुधा गृहीत धरतों. पुण्याच्या, आणि विशेषतः सदाशिव पेठेच्या, संगीत नाटकावरील प्रेमासंबंधानें असेंच बोललें जातें. परंतु हें प्रेम उपजत नव्हे. तें एका विशिष्ट काळीं सांपडलेलें आहे. आणि तें सांपडण्यास कोणतीं दारें उघडावीं लागलीं हें पाहिलें म्हणजे त्या पिढीच्या मनाची घडण कळते.

१८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हांपासून मराठी नाटकांत गाणें होतेंच. परंतु तें मुख्यतः सूत्रधाराचें. त्यानें पदें म्हणावींत, पात्रांनीं त्यांना धरून अभिनय करावा आणि मग आयत्या वेळीं सुचेल तें भाषण करावें, असा तो परिपाठ. इंग्रजी शिकलेल्या पिढीस यांतील राक्षसांची आरडाओरड बालिश वाटूं लागली. तिनें संस्कृत व इंग्रजी नाटकांचीं भाषांतरें जवळ केलीं. महादेवशास्त्री कोल्हटकरांचें ‘ऑथेल्लो’ १८६७ सालचें. हीं ‘बुकिश’ नाटकें बुद्धीस पटणारीं होतीं, पण कानास उपाशी ठेवणारीं होतीं.

हा कान मात्र अडाणी नव्हता. ओवी, आर्या, साकी, दिंडी हे प्रकार त्याच्या ओळखीचे होते. कीर्तनानें ते घरोघर पोंचविले होते. सदाशिव पेठेंतील नारद मंदिर त्याच कीर्तनपरंपरेची आठवण देतें. याच्या उलट मैफिलीचें गाणें म्हणजे खांसाहेबांचें किंवा कलावंतिणींचें. तें ऐकावयास जाणें प्रतिष्ठित गृहस्थास शोभत नसे. लावणी तर उंबऱ्याबाहेरचीच. विद्या एका बाजूस, सूर दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें अब्रूची भिंत, अशी ही स्थिति होती.

ही भिंत ओलांडण्याचें श्रेय बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचें. ते पुण्यास रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरींत नोकरीस होते. पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा उर्दू खेळ पाहून, असें मराठींत कां होऊं नये, हा विचार त्यांच्या मनांत आला असें सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं आनंदोद्भव नाटकगृहांत ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले. मुंबईंत त्रिलोकेकरांनीं ‘नल-दमयंती’ आदल्याच वर्षीं आणलें होतें, म्हणून कल्पना अगदीं नवी नव्हती. परंतु लोकांच्या मनानें पकडलें तें ‘शाकुंतल’च. पदें आतां सूत्रधाराच्या तोंडून निघून दुष्यंताच्या आणि कण्वाच्या तोंडीं आलीं. ज्याचें दुःख त्यानेंच गावें, ही साधी गोष्ट. पण तिनें नाटकाचा जीवच पालटला.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. किर्लोस्करांनीं आरंभास कालिदास निवडला. कॉलेजांतील विद्यार्थ्यांस आणि पाठशाळेंतील शास्त्रीबोवांस कालिदासाच्या नाटकास जाण्यांत लाज वाटण्याचें कारण नव्हतें. चालींपैकीं पुष्कळ कीर्तनांतून कानावरून गेलेल्या. कांहीं कर्नाटकी, कांहीं लावणीच्या वळणाच्या. म्हणजे मान संस्कृताचा, ओळख कीर्तनाची, आणि त्यांच्या आडून रंग मात्र उंबऱ्याबाहेरचा! लोकांस संगीताची भूक अगोदरच होती. हवी होती ती परवानगी, आणि ती कालिदासाच्या नांवानें मिळाली.

पुढें १८८२ सालीं ‘सौभद्र’ आलें. त्याच वर्षीं बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळींत दाखल झाले, आणि त्यांच्या गळ्यानें ‘भावड्या’ हें नांव घरोघर केलें. किर्लोस्कर १८८५ सालीं वारले. पण दार उघडलेलेंच राहिलें. १९११ सालीं ‘मानापमान’ आलें. त्यास गोविंदराव टेंबे यांनीं चाली दिल्या, आणि उत्तरेकडील ठुमरीचा ढंग मराठी पदांत उतरला. १९१६ च्या ‘स्वयंवरां’त भास्करबुवा बखले यांनीं घराण्याची रागदारीच प्रेक्षकांपुढें मांडली. ज्यानें जन्मांत बैठकीची पायरी चढली नव्हती, तो गृहस्थ आतां भीमपलास आणि यमन यांतील भेद सांगूं लागला. महाराष्ट्रांतील मध्यम वर्गास अभिजात संगीताचे पहिले धडे नाटकगृहानें दिले, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु या प्रेमाच्या जमाखर्चांत एक रक्कम मांडावयाची राहिली आहे. ज्या स्त्रियांनीं ठुमरी आणि लावणी पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, त्यांस या रंगभूमीवर स्थान नव्हतें. त्यांचें गाणें आलें. त्या मात्र बाहेरच राहिल्या. बालगंधर्वांच्या थोर कलेविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. तथापि शालूंतील पुरुषाच्या मुखानें जें गाणें निर्मळ ठरलें, तेंच बाईच्या मुखीं कलंकित कां ठरावें, हा प्रश्न त्या काळच्या रसिकानें स्वतःस क्वचितच विचारला. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनीं पुण्यांत स्वतःची नाटकमंडळी उभारून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या, तेव्हां या प्रश्नास प्रत्यक्ष कृतीनें उत्तर मिळालें. पण तोंवर बोलपट दाराशीं येऊन ठेपला होता, आणि संगीत नाटकाची भरती ओसरूं लागली होती.

१८९४ सालीं विद्यार्थ्यांच्या मंडळापासून निघालेलें भरत नाट्य मंदिर सदाशिव पेठेंत आज उभें आहे. जुन्या पदांस तेथें वन्स मोअर मिळतो, त्याचा आम्हांस आनंदच होतो. मात्र त्या टाळींत केवळ पूर्ववैभवाचें स्मरण असूं नये. त्या पिढीचा मोठेपणा जुनें जपण्यांत नव्हता. ज्यास आपण कमी लेखत होतों तें सुंदर आहे हें ओळखण्यांत होता. ती ओळख तिनें अर्धीच पुरी केली. आजही ज्या गाण्याकडे आपण नाक मुरडून पाहतों, त्याकडे त्याच कानानें वळणें, आणि या खेपेस गाण्याबरोबर गाणारासही घरांत घेणें, हेंच त्या ऋणाचें खरें फेडणें होय.