गाळा मालकाचा, जम कोणाचा? वऱ्हाडातल्या भाड्याच्या दुकानाचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता किरकोळ आहे: भाड्याचं दुकान. इतिहास म्हटलं की आपण किल्ले, तह आणि लढाया काढून बसतो. भाडेचिठ्ठीचा इतिहास कोण सांगतो? पण वऱ्हाडात ही गोष्ट सरळ तहापर्यंत जाऊन पोचते. कशी, ते बघू.

आधी प्रश्न नीट मांडतो. वाघाडी नदीकाठचं घाटंजी घ्या. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, भोवती कापसाचा मुलूख. अशा गावात कुणी शिलाईचं, कुणी मोबाइल दुरुस्तीचं, कुणी बी-खताचं दुकान भाड्याने घेऊन थाटतो. पहिली दोन-तीन वर्षं कशीबशी जातात. उधारी चालवायची, आणि कापूस विकला जाऊन लोकांच्या हातात पैसा येईपर्यंत कळ काढायची. मग हळूहळू माणसं पाय ओळखीचे झाल्यासारखी त्याच दारात येऊ लागतात. याला आपण म्हणतो, जम बसला.

नेमकं याच वेळी मालक म्हणतो, भाडं वाढवा, नाहीतर गाळा सोडा, पोराला बसवायचंय. आता मालकाला लगेच खलनायक करू नका. एखाद्या निवृत्त गुरुजींनी फंडाच्या पैशातून दोन गाळे बांधले असतील आणि त्यावरच त्यांचं म्हातारपण चालत असेल. भिंती मालकाच्या आहेत, यात वाद नाही. पण तो जम कोणाचा? गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत कायद्याने याला वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

सुरुवात मोठ्या भाडेकरारापासून करू. आपला अख्खा वऱ्हाडच एकेकाळी भाडेपट्ट्याने दिलेला होता! १८५३ मध्ये निजामाने कंपनी सरकारच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. मग १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात नवा करार झाला. वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने, वर्षाला २५ लाख रुपये भाडं. मालकी कागदावर निजामाची, ताबा इंग्रजांचा. भाडं ठरलेलं, मुदत न संपणारी. पुढे १९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अली खानाने वऱ्हाड परत मागितला. १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने साफ नकार कळवला. १९३६ च्या कराराने निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला, वऱ्हाड काही मिळाला नाही.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. भाडं गोठलं आणि मुदत संपेना झाली, की मालकी नावापुरती उरते. हेच पुढे दुकानांच्या बाबतीत झालं.

आता बाजारात येऊ. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा नियम साधा होता. महिन्याच्या भाड्याने दिलेली जागा असेल तर १५ दिवसांची नोटीस द्या, भाडेपट्टा संपला. वऱ्हाड तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात धरला जात नव्हता, त्यामुळे असे कायदे तिथे वेगळ्या हुकमाने लागू करावे लागत. पण तत्त्व तेच. दहा वर्षांचा जम आणि १५ दिवसांची नोटीस! जम नावाची वस्तू कायद्याला दिसतच नव्हती.

ती दिसू लागली युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात मुंबईत जागांची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये भाड्यावर निर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडे, म्हणजे तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, १९४६ चा कायदा आला आणि त्याखाली १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश निघाला. 'घर' या शब्दात त्याने दुकानही धरलं. रास्त भाडं ठरवताना १ एप्रिल १९४० पूर्वीच्या बारा महिन्यांतले दर पायाला धरायचे. आणि त्याचं १३ वं कलम तर मोठं मजेदार. भाडेकरूला काढायचं सोडाच, नुसती नोटीस द्यायची तरी मालकाला आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागे. ती मिळवायला ठरावीक कारणांपैकी एक सिद्ध करायचं: भाडं थकलं, परस्पर पोटभाडेकरू ठेवला, अशी. परवानगी मिळाली की नोटीस, आणि मग पुन्हा दिवाणी कोर्टात दावा. दोन-दोन दारं. काही घरांत दावा लावला बापाने आणि निकाल ऐकला पोराने.

टंचाईपुरता केलेला हा बंदोबस्त तब्बल अर्धशतक टिकला. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी विदर्भात १९४९ चा आदेश, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा आणि उरलेल्या भागात मुंबईचा १९४७ चा कायदा. एका राज्यात भाड्याचे तीन कायदे, चाळीस वर्षं!

परिणाम काय झाले? भाडेकरूचा जम सुरक्षित झाला, हे खरं. १९८५ मध्ये ज्ञानदेवी आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की दुकानाचा भाडेकरू वारला म्हणून त्याचं संरक्षण संपत नाही, ते वारसांकडे जातं. कारण सरळ आहे. त्या दुकानावर एक घर चालतं, माणूस गेला म्हणून घराची भूक जात नाही. पण दुसरी बाजूही होती. भाडं हातात पडेना म्हणून मालक डागडुजी करेना. जागेची खरी किंमत महिन्याच्या भाड्यात दिसेना, तेव्हा ती मागच्या दाराने आली. तिचं नाव पगडी. मुंबईच्या कायद्यात ती गुन्हा होती आणि तरी राजरोस चालत होती. म्हणजे आधीपासून बसलेल्याला संरक्षण, आणि नव्याने धंदा करू पाहणाऱ्या पोराला दार बंद.

शेवटी १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मुंबई कायद्यातलं गोठलेलं भाडं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून जुना रद्द केला नाही. तो नवा कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला आणि तिन्ही जुने कायदे गेले. वर्षाला ४ टक्के वाढ मालकाच्या हक्काची झाली. पगडी कायदेशीर झाली. बँका आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या संरक्षणातून वगळल्या गेल्या. मोठ्याने आपलं आपण बघावं, कायदा लहानासाठी.

आणि ५५ वं कलम. भाडेकरार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. ११ महिन्यांच्या करारालाही यातून सूट नाही.

तरीही आपल्याकडे मालक कागदाला बिचकतो. का? माझ्या मते ही भीती दुकानातली नाही, शेतातून आलेली आहे. १९५८ च्या विदर्भाच्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक होण्याची वाट मिळाली. सातबाऱ्यावर नाव लागलं आणि जमीन गेली, ही आठवण घराघरांत आहे. म्हणून गाळा देतानाही मनात तेच, लिहून दिलं की हा कूळ होऊन बसेल. पण दुकानाचा भाडेकरू नुसती वर्षं मोजून मालक होत नाही. भाडेकरू म्हणून बसलेला माणूस बारा वर्षांनीही भाडेकरूच. उलट कागद नसला तर मालकाचीच बाजू लंगडी पडते.

भाडेकरूलाही कागद तितकाच लागतो. जीएसटीची नोंदणी असो की खताचा परवाना, जागेचा पुरावा मागतातच. आणि एक सूचना: १९९९ चा कायदा त्याच्या परिशिष्टांत नमूद असलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. आपली जागा त्यात येते का, हे आधी विचारून घ्या. येत नसेल तर आपण थेट १८८२ मध्ये जाऊन पडतो, त्या १५ दिवसांच्या नोटिशीवर. मग मुदत, वाढीचा दर, अनामत आणि सोडण्याची नोटीस किती महिन्यांची, हे चार मुद्दे करारात लिहिलेले नसतील तर तुमच्या जमाला कुणीही वाली नाही.

तर जम कोणाचा? १८८२ ने म्हटलं, कोणाचाच नाही. १९४९ ने म्हटलं, भाडेकरूचा, पिढ्यान्‌पिढ्या. १९९९ चं म्हणणं असं, की दोघं बसा, लिहा आणि नोंदवा. तीन उत्तरांत मला हे तिसरं बरं वाटतं, कारण त्यात दोन्ही घरं चालू शकतात. फक्त ते लिहायचं असतं जम बसण्याच्या आधी, पहिल्या महिन्याचं भाडं देतानाच.