गाणारं व्हायोलिन

प्रभाकर जोग (25 डिसेंबर 1932 – 31 ऑक्टोबर 2021) यांनी मराठी भावगीते आणि चित्रपटगीते व्हायोलिनवर वाजवून केलेले कार्यक्रम व ध्वनिमुद्रणे ‘गाणारं व्हायोलिन’ या नावाने ओळखली जातात. जोग वादक होते, तसेच संगीतकारही. लहानपणी पुण्यातल्या वाड्यांमधून सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर ते वाजवत. पुढे सुधीर फडके यांचे साहाय्यक झाले. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या 56 गीतांच्या ‘गीतरामायणा’त त्यांचे व्हायोलिन होते, आणि नंतर त्याच्या शेकडो प्रयोगांतही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातही त्यांनी बरीच वर्षे वाजवले.

चाल वाजवणे सोपे, शब्द वाजवणे अवघड. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे बोट तारेवर सरकवत एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाता येते; गळ्यातली मींड हुबेहूब उमटते ती याच सोयीमुळे. खरी मेख गजात आहे. गज एका दिशेने चालतो तोवर स्वर एका दमात राहतो, दिशा बदलताना बारीकसा सांधा पडतो. हा सांधा शब्दाच्या मधोमध आला की शब्द मोडतो. म्हणून गायक कुठे श्वास घेतो, कोणत्या अक्षरावर जोर देतो, हे वादकाला पाठ असावे लागते. जोगांच्या गजाला ते पाठ होते.

युरोपात वादक-संगीतकार म्हटला की व्हायोलिनवादक पागानिनी (1782–1840) आठवतो. त्याचा पहिला कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासह एकल वाद्याची रचना) व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांनी 1934 मध्ये पॅरिसला मुद्रित केला; तारसप्तकातली झेप आणि दोन तारा एकदम वाजवण्याची करामत त्यात श्रोत्याला दिपवते. जोगांचे कसब मात्र गाण्यामागे लपलेले असते, आणि माझ्या मते ते तितकेच कठीण आहे.

स्वरकार म्हणून त्यांचे सर्वांत लोकप्रिय गीत ‘स्वर आले दुरुनी’. शब्द यशवंत देवांचे, आवाज सुधीर फडके यांचा. स्वतः नामवंत संगीतकार असलेल्या या दोघांनी जोगांच्या चालीला आपली लेखणी आणि गळा दिला. महाराष्ट्र शासनाच्या लता मंगेशकर पुरस्काराने जोगांचा गौरव झाला.

‘गाणारं व्हायोलिन’ची मुद्रणे ऐकताना आधी मूळ गाणे ऐकावे आणि लगेच व्हायोलिन लावावे. अंतऱ्याचे शब्द आपोआप ओठांवर येतात.