तबकडीचा ठसा आणि नावांचे पाठभेद

शिलालेखांच्या अभ्यासकास ‘नक्कल’ आणि ‘ठसा’ ह्यांतील भेद निराळा सांगावयास नको. नक्कल करणारा लेखातील अक्षरे वाचतो आणि त्याला जेवढी वाचता आली तेवढीच कागदावर उतरवितो. ठसा घेणारा दगडावर ओला कागद बसवितो, कुंचल्याने तो खाचांत दाबतो आणि वरून शाई फिरवितो. अक्षरे त्याला लागोत वा न लागोत, खाचा, तडे व टवके ह्यांसह दगडाचा पृष्ठभाग कागदावर येतो. नक्कल हा एका वाचकाचा निर्णय होय. ठसा तो निर्णय पुढील वाचकासाठी राखून ठेवतो. संगणकाच्या तबकडीची जी ‘डिस्क इमेज’ घेतात, ती ह्या ठशाच्या जातीची वस्तू आहे. तबकडीतील फायली एकेक करून दुसरीकडे उतरविणे ही नक्कल झाली. तबकडीवरील सर्व सेक्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने एकाच फाईलमध्ये उतरविणे हा ठसा झाला. ह्या फाईलला प्रस्तुत लेखात ‘प्रतिमा’ असे म्हटले आहे.

ह्या प्रतिमेचा इतिहास येथे मांडावयाचा तो केवळ यंत्राच्या कुतूहलापोटी नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या क्षेत्रकार्यातील काही ध्वनिमुद्रणे लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावरून सीडीवर उतरविलेली होती. प्रत्येक फाईलच्या रोमन नावात गाव, निवेदकाचा संकेत, त्याचे वय आणि विचारलेला शब्द एवढा तपशील गोवलेला होता. पुढे एकदा कपाट रिकामे करावयाची वेळ आली, तेव्हा त्या सीडी विंडोजच्या संगणकात घालून त्यांतील फायली दुसरीकडे उतरवून घेण्यात आल्या आणि मूळ तबकड्या टाकून देण्यात आल्या. ध्वनी सर्व सुरक्षित राहिला; नावे मात्र आठ अक्षरांवर तुटली. ‘रत्नागिरी’ने आरंभ होणाऱ्या सर्व फायलींच्या नावांत पहिली पाच रोमन अक्षरे आणि पुढे तीन आकडी क्रमांक, एवढेच शिल्लक उरले. उच्चार ऐकून बोलीचा अदमास बांधता येतो. परंतु बोलणारी व्यक्ती कोण, तिचे वय किती, हे ध्वनी सांगत नाही. त्या निवेदकांपैकी काही आज हयात नाहीत. हे कसे घडले, हे समजून घेण्यासाठी सीडीवरील लेखनव्यवस्थेच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

संगणकीय मजकुरासाठी सीडी कशी असावी ह्याचे नियम फिलिप्स आणि सोनी ह्या कंपन्यांनी १९८३ च्या सुमारास ठरविले. त्या नियमांनुसार तबकडीवरील प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटांचा असतो. नेहमीच्या मांडणीत त्यांपैकी २०४८ बाइट प्रत्यक्ष मजकुराचे आणि उरलेले ३०४ बाइट ओळखखुणा व त्रुटी सुधारण्याची माहिती ह्यांचे. परंतु ह्या नियमांत फायली व त्यांची नावे कोठे व कशी लिहावीत ह्याविषयी काहीच नव्हते. पाटी कशी घडवावी हे ठरले, लिपी कोणती हे ठरले नाही, असे म्हणता येईल. परिणामी प्रत्येक उत्पादकाने आपली लिपी निर्माण केली आणि एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रास अगम्य झाली.

१९८५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील लेक टाहो येथील ‘हाय सिएरा’ नावाच्या हॉटेलात ॲपल, मायक्रोसॉफ्ट, डिजिटल इक्विपमेंट, हिताची, फिलिप्स, सोनी इत्यादी कंपन्यांचे प्रतिनिधी एकत्र जमले. त्यांनी केलेला मसुदा १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी युरोपीय उत्पादकांच्या संघटनेने तो ‘एक्मा-११९’ ह्या नावाने थोड्याफार फेरफारांसह स्वीकारला. आणि १९८८ साली तो ‘आयएसओ ९६६०’ हे आंतरराष्ट्रीय मानक झाला. प्रतिमेच्या फाईलला आपण आज सहज ‘आयएसओ’ म्हणतो, ते ह्या मानकावरून.

ह्या मंडळींपुढील पहिला वाद अंकांच्या दिशेचा होता. मोठी संख्या लिहिताना इंटेलची यंत्रे तिचा लहान भाग आधी लिहीत, तर त्या काळच्या मॅकिन्टॉशमधील मोटोरोलाची यंत्रे मोठा भाग आधी लिहीत. ह्या दोन पक्षांना डॅनी कोहेन ह्यांनी १९८० साली स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ ह्या १७२६ मधील ग्रंथातून नावे दिली: अंडे निमुळत्या टोकाकडून फोडणारे आणि रुंद टोकाकडून फोडणारे. आपल्याकडे हा भेद अपरिचित नाही. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, इंग्रजीत वीस. आणि भूतसंख्येने शक सांगणारा लेखक एकं स्थानापासून आरंभ करतो, तर अंकांत तोच शक लिहिताना सहस्रापासून. हाय सिएराच्या मंडळींनी ह्या वादात कोणाचाही पक्ष घेतला नाही. महत्त्वाची प्रत्येक संख्या दोन्ही पद्धतींनी, एकापुढे एक, अशी दोनदा लिहावी असे त्यांनी ठरविले. शक अक्षरांत आणि अंकांत असा दोनदा कोरणाऱ्या लेखासारखाच हा प्रकार आहे. अंकांच्या बाबतीत त्यामुळे कोणत्याही वाचकाचे नुकसान झाले नाही.

नावांच्या बाबतीत मात्र अशी उदारता दाखविता आली नाही. सर्व यंत्रांना वाचता यावे म्हणून नावांसाठी सर्वांत लहान समाईक भाग निवडण्यात आला: रोमन मोठी अक्षरे २६, अंक १० आणि अधोरेखा, अशी एकूण ३७ चिन्हे. मानकाच्या पहिल्या पातळीवर नाव आठ अक्षरांचे आणि प्रत्यय तीन अक्षरांचा. ‘कोल्हापूर’ रोमन लिपीत नेमके आठ अक्षरांत बसते. ‘रत्नागिरी’ला नऊ लागतात, म्हणून ते बसत नाही.

ही वर्णमाला लौकरच अपुरी पडली आणि प्रत्येक पक्षाने मूळ मानक न मोडता त्यात आपली भर घातली. यूनिक्सवाल्यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘रॉक रिज’ ही व्यवस्था केली. तिचे नाव १९७४ च्या एका विनोदी चित्रपटातील गावावरून घेतलेले आहे. तीत मूळच्या तुटक नावाशेजारीच, नोंदीतील मोकळ्या जागेत, लांब नाव लिहिले जाते आणि लहानमोठ्या अक्षरांचा भेद टिकतो. मायक्रोसॉफ्टने १९९५ साली ‘जोलिएट’ आणली. तिने शेजारी न लिहिता नावांची दुसरी स्वतंत्र सूचीच तयार केली. ती युनिकोडात असून प्रत्येक नावास ६४ चिन्हांची मर्यादा आहे. ॲपलने तिसरा मार्ग धरला. आयएसओ ९६६० ने तबकडीचे पहिले १६ सेक्टर कोणत्याही कामासाठी मोकळे सोडले होते. तेथे मॅकिन्टॉशच्या मांडणीचा आरंभ लिहून एकाच तबकडीवर दोन व्यवस्था नांदविता येऊ लागल्या. फायलींतील मजकूर एकच. त्याच्याकडे नेणाऱ्या अनुक्रमणिका मात्र दोन, तीन किंवा चार.

येथेच आपल्या प्रश्नाचे मूळ आहे. एकच प्रतिमा तीन कार्यप्रणालींत उघडली असता तीन पाठ मिळू शकतात. लिनक्स सामान्यतः रॉक रिजची नावे पसंत करते. ती नसल्यास जोलिएट पाहते. दोन्ही नसल्यास मूळची मोठी अक्षरे लहान करून दाखविते. विंडोज जोलिएट वाचते, रॉक रिजकडे पाहत नाही. मॅक आपली मांडणी सापडल्यास तीच घेते. वाचकाला ह्यातील काहीच कळविले जात नाही. प्रत्येकाला वाटते की आपल्यासमोर आहे तोच मूळ पाठ. वर सांगितलेल्या सीडीवर रॉक रिजची नावे होती, जोलिएट नव्हती. विंडोजला म्हणून आठ अक्षरांचा सांगाडा तेवढा दिसला, आणि नक्कल त्या सांगाड्याची झाली. त्याच विंडोजच्या संगणकावर फायलींऐवजी प्रतिमा घेतली असती, तर त्याला न वाचता येणारी नावेही ठशात आली असती.

बोलींच्या अभ्यासात हा पाठभेद किती खोल जाऊ शकतो, ह्याचे एक उदाहरण पाहू. ‘पाणी’ आणि ‘पानी’ हा उच्चारभेद बोलींच्या सर्वेक्षणात महत्त्वाचा आहे. रोमन लिप्यंतराच्या एका प्रचलित पद्धतीत मूर्धन्य ‘ण’साठी मोठे आणि दंत्य ‘न’साठी लहान अक्षर योजतात. रॉक रिजमध्ये ही दोन नावे भिन्न राहतात. मूळ आयएसओ नावात दोन्ही एकरूप होतात आणि संघर्ष टाळण्यासाठी त्यांना केवळ क्रमांक जोडला जातो. जोलिएटमध्ये अक्षरे भिन्न राहिली, तरी विंडोज सामान्यतः लहानमोठ्या अक्षरांवरून नावांत भेद करीत नाही. ज्या भेदासाठी ध्वनिमुद्रण केले, तोच नावातून नाहीसा होतो.

नावे देवनागरीत लिहिल्याने प्रश्न मिटतो, असेही नाही. जोलिएटमध्ये देवनागरी नाव नीट लिहिले जाते. परंतु लिनक्समध्ये योग्य अक्षरसंच सांगितल्यावाचून ती तबकडी जोडली, तर प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येऊ शकते. ह्याहून सूक्ष्म गोष्ट मराठीच्या ‘ऱ’ची आहे. ‘साताऱ्याची बोली’ ह्या नावातील ‘ऱ’ला युनिकोडात स्वतंत्र स्थान आहे, त्याचबरोबर तो ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो आणि दोन्ही रूपे समतुल्य मानली आहेत. ॲपलने १९९८ साली आणलेली एचएफएस प्लस ही मांडणी नाव साठविताना अशा अक्षरांचा विग्रह करीत असे. विंडोज तसे करीत नाही. म्हणून मॅकवरील जुन्या प्रतिमेतून लिनक्सवर आणलेले हे नाव डोळ्यांना जसेच्या तसे दिसते, पण सूचीशी ताडून पाहिले असता जुळत नाही.

ठशालाही मर्यादा आहेत, त्या ध्यानात घेतल्या पाहिजेत. नेहमीच्या आयएसओ प्रतिमेत सेक्टरातील २०४८ बाइटच येतात. गाण्याच्या सीडीवर मुळात फायलींची व्यवस्थाच नसते. तेथे दर सेकंदास ७५ सेक्टर ध्वनीने पूर्ण भरलेले असतात. अशा तबकडीची आयएसओ प्रतिमा होत नाही. तिच्यासाठी संपूर्ण २३५२ बाइट घेणारी ‘बिन’ फाईल आणि सोबत गतिपथांची यादी देणारी ‘क्यू’ फाईल ठेवावी लागते. मॅकवर प्रचारात असलेली ‘डीएमजी’ प्रतिमा बहुधा संक्षिप्त केलेली असते. विंडोज ती आपणहून उघडत नाही आणि लिनक्सवर ती आधी रूपांतरित करावी लागते. ह्याउलट आयएसओ प्रतिमा लिनक्स व मॅक फार पूर्वीपासून तबकडीप्रमाणे जोडून घेतात, आणि विंडोजमध्ये ही सोय २०१२ सालच्या आठव्या आवृत्तीपासून आहे. जतनासाठी म्हणून ती अधिक सोयीची.

ह्या विवेचनातून विभागांच्या दृष्टीने तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सीडीतील फायली उतरविण्यापूर्वी तिची संपूर्ण प्रतिमा घ्यावी आणि एसएचए-२५६ सारख्या पद्धतीने तिचा पडताळणी-अंक नोंदवावा. म्हणजे पुढील प्रत मुळाबरहुकूम आहे किंवा नाही हे पाहता येईल. दुसरी, आयएसओ, रॉक रिज आणि जोलिएट ह्या तीनही सूचींतील नावे वेगवेगळी काढून एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये शेजारी शेजारी लिहावीत. लिनक्सवरील ‘आयएसओइन्फो’ ह्या आज्ञेने हे काम होते, आणि संहितेच्या संपादकाने तळटीपांत पाठभेद द्यावेत तसेच हे आहे. तिसरी, निवेदकाचा तपशील केवळ फाईलच्या नावावर सोपवू नये. तो निराळ्या नोंदवहीत असावा.

जाळून लिहिलेल्या सीडीवरील रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो. अनेक विभागांच्या कपाटांत अशा सीडी अद्याप आहेत. त्यांतील कोणत्या सीडी लिनक्सवर लिहिल्या गेल्या, हे वेष्टनावर क्वचितच नमूद केलेले असते. म्हणून विंडोजवर एखादी सीडी उघडली आणि सर्व नावे मोठ्या रोमन अक्षरांत, आठ अक्षरांवर तुटलेली व क्रमांक जोडलेली दिसली, तर ती तशीच लिहिली गेली होती असे गृहीत धरू नये. तबकडी बाजूला ठेवावी, तिची प्रतिमा घ्यावी, आणि ती दुसऱ्या कार्यप्रणालीत उघडून पाहावी. निवेदकाचे गाव आणि वय त्या न दिसणाऱ्या नावात अजून असण्याचा संभव आहे.