टेंभी नाका : कर्तव्य आधी, शिक्षण नंतर

टेंभी नाक्याजवळचे विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय ठाणेकरांच्या तोंडी ‘सिव्हिल’च राहिले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळे होईपर्यंत जव्हार-मोखाड्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचा मुलूख याच जिल्ह्यात होता. रेल्वेखाली सापडलेला प्रवासी असो की शहापूर-मुरबाडकडचा सर्पदंश, अशा रुग्णाबाबत पहिला निर्णय कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला घ्यावा लागे. तो हे शिकला कुठे?

‘पोलीस केस आहे, सरकारी दवाखान्यात न्या’ हे वाक्य एकेकाळी सर्रास ऐकू येई. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, कागदपत्रे नंतर. पण या कामाचे स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षण तेव्हा देशात नव्हते. भारतीय वैद्यक परिषदेने ‘इमर्जन्सी मेडिसिन’ला मान्यता दिली ती २००९ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी.

मधल्या काळात रुग्णाची खाट हीच शाळा होती. शेजारच्या रायगडात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्ररात्र उशाशी बसून न्याहाळले, नोंदी ठेवल्या आणि त्यांतूनच प्राझोसिनचा उपचार १९८०च्या दशकात जगापुढे ठेवला. असा अभ्यासक विरळा. बाकीचे वरिष्ठांकडे आणि अनुभवी परिचारिकांकडे पाहत शिकले.

शिक्षणाइतकेच संरक्षणही उशिरा आले. टेंभी नाक्यावरूनच ज्यांचा कारभार चाले, ते आनंद दिघे अपघातानंतर उपचार सुरू असताना २६ ऑगस्ट २००१ रोजी सिंघानिया रुग्णालयात हृदयविकाराने गेले. संतप्त जमावाने रुग्णालयाची नासधूस करून आग लावली. त्या रात्री तिथे इतरही रुग्ण होते. डॉक्टर व रुग्णालयांवरील हल्ल्यांना तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा राज्याचा कायदा २०१० चा.

पुढे सिव्हिलची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी झाली आणि रुग्णालय मनोरुग्णालयाच्या आवारात हलले. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. अनेकजण अत्यवस्थ अवस्थेतच आले, असे प्रशासनाने सांगितले; सिव्हिलच्या स्थलांतराने कळव्यावर भार वाढल्याचेही बोलले गेले. डॉक्टर कितीही तयारीचा असला, तरी त्याच्या मागे खाट, रक्त आणि दुसरा डॉक्टर हवाच. एक दार बंद झाले की गर्दी पुढच्या दारी जाते.

आता पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. टेंभी नाक्यावर ९०० खाटांचे रुग्णालय व्हायचे आहे. तिथे रात्री दोन वाजता त्या विद्यार्थ्याशेजारी शिकवणारे कोणी उभे असेल का, हे खाटांच्या आकड्यावरून कळणार नाही.