चिनीमातीच्या फ्यूजचे दिवस

खोपोली 1915, भिवपुरी 1922, भिरा 1927. टाटांची ही तिन्ही जलविद्युत केंद्रं तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली. मुळशीच्या धरणात शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालंच आणि त्याचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याला उतरलं. वीज मात्र तयार झाली तशी मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. जिल्ह्यातली खेडी पुढेही कितीतरी वर्षं कंदिलाच्या काचा पुसत राहिली. गावोगाव खांब उभे करण्याचं काम मुख्यतः 20 जून 1960 रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या वाट्याला आलं. अंबा नदीकाठच्या नागोठण्यासारख्या जुन्या बाजारपेठा असोत की आसपासच्या वाड्या, घराघरांत बटण पोचलं ते असं उशिरानं.

त्या काळचं वायरिंग जुन्या घरांत अजून कुठेकुठे दिसतं. सागवानी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांनी आवळलेली रबरी आवरणाची वायर, काळ्या बॅकेलाइटची बटणं. ओटीवर लाकडी बोर्ड, त्यावर मीटर, लोखंडी मेन स्विच आणि पांढऱ्या चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. लाइट गेले की घरातलं कुणीतरी स्टुलावर चढायचं, मेन बंद करायचं, फ्यूज ओढून काढायचं, काळवंडलेली तार झटकायचं, नवी तार पितळी स्क्रूंभोवती गुंडाळून फ्यूज परत खोचायचं. पाच मिनिटांचं काम. आजही कोकणातल्या कित्येक साठी ओलांडलेल्या माणसांचे हात हे डोळे मिटून करतील.

गोची होती ती तारेत. फ्यूजची तार कल्हई केलेल्या तांब्याची, जेमतेम केसासारखी बारीक. प्रवाह वाढला की तिनं वितळावं म्हणूनच ती बसवलेली. पण अंधारात तिची गुंडाळी सापडायची नाही. मग हाताशी असेल त्या वायरीतले दोन-चार पदर पिळून बसवले जायचे. लाइट यायचे, आणि पुन्हा सहसा जायचे नाहीत, याचं घरात कौतुकच व्हायचं. खरं तर आता वितळण्याची पाळी भिंतीवरच्या वायरीवर आलेली असायची.

यावरचा उपाय जर्मनीत केव्हाच निघाला होता. मानहाइम शहरातल्या ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात 1920 च्या दशकात घरगुती छोटा सर्किट ब्रेकर तयार झाला. आपण ज्याला एमसीबी म्हणतो त्याच्या पोटात आजही तीच दोन अंगं आहेत. भार बराच वेळ जास्त राहिला तर दोन धातूंची पट्टी तापून वाकते. शॉर्टसर्किट झालं तर गुंडाळीचं चुंबक क्षणात खिट्टी ओढतं. भारतातल्या साध्या घरांत तो रुळायला विसावं शतक सरत आलं. नागोठण्यात तोवर आयपीसीएलचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आला होता, वस्ती वाढत होती, आणि घरांत पंख्या-दिव्यांच्या सोबतीला फ्रिज, मिक्सर, गीझर आले होते.

यंत्र बदललं, खोड तीच राहिली. ब्रेकर सारखा पडतो म्हणून सोळा अँपिअरचा काढून बत्तीसचा बसवा, असं सांगणारी गिऱ्हाइकं आहेत, आणि हो म्हणणारे वायरमनही. भिंतीत दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल तर ही जाड तारेचीच नवी आवृत्ती. कुणी पडलेला खटका चार-चारदा वर ढकलतं. पडला तर एकेक उपकरण काढून बघावं, सगळं काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे असं समजावं आणि परवानाधारक माणसाला बोलवावं, एवढी साधी रीत आहे.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवेलच असं नाही. जिवावर बेतायला अँपिअरचा लहानसा अंश पुरतो आणि तेवढ्यानं सोळाचा ब्रेकर हलतही नाही. त्यासाठी गळती ओळखणारा आरसीसीबी लागतो. घरासाठी तो 30 मिलिअँपिअरचा घेतात. त्याच्या जोडीला आर्थिंग हवं. परसातल्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून केलेलं जुनं आर्थिंग वर्षानुवर्षं कुणी तपासत नाही, ही गावाकडची नेहमीची गोष्ट.

आणि हा पावसाचा मुलूख. 24 जुलै 1989 रोजी अंबेनं वरच्या अंगाला जांभुळपाड्यात हाहाकार उडवला. नागोठण्याच्या सखल भागांत तर पुराचं पाणी नवं नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी घाई होते ती लाइट परत आल्यावर. पाणी चढू लागलं की जमीन कोरडी आहे तोवरच मेन बंद करायचा. बोर्डापाशी पाणी साचलं असेल तर त्याला हात न लावता महावितरणला 1912 वर कळवायचं. तुटून पडलेली तार जिवंतच धरायची. पूर ओसरला, भिंती सुकल्यासारख्या दिसल्या, तरी खटका वर करण्याआधी वायरमननं वायरीचा रोध मोजणारा मेगर लावायला हवा. 1956 च्या वीज नियमांतली कसोटी त्यासाठी आजही उपयोगी आहे: 500 व्होल्ट एक मिनिट दिल्यावर वायर आणि जमीन यांच्यातला रोध किमान एक मेगओहम भरला पाहिजे.