भोंगा कोणत्या खिडकीतून यायचा?

गिरणगावातल्या जुन्या माणसांना भोंग्याबद्दल विचारलं की ती तोंडानं तो वाजवून दाखवतात. परळचा कसा, लालबागचा कसा, कुठला आधी व्हायचा, सगळं पाठ. पण तो बसवला होता कुठे आणि दिसायचा कसा, असं विचारलं की गप्प होतात. माझ्या आजोबांचं आयुष्य परळच्या एका गिरणीत साच्यावर गेलं. पहाटेच्या भोंग्यावर त्यांची अंघोळ, डबा, पाळी सगळं बांधलेलं होतं. तरी बॉयलरजवळची ती वाफेची शिट्टी त्यांनी कधी नीट पाहिली नव्हती. भोंगा कानांनी ओळखायचा, एवढंच त्यांना माहीत.

१४ एप्रिल १९४४ ची गोष्ट ते पुनःपुन्हा सांगायचे. पहिली पाळी करून घरी आले होते, चाळीच्या गॅलरीत बसले होते. चारनंतर असा हादरा बसला की फडताळातली भांडी खाली आली. थोड्या वेळानं दुसरा. खाली कुणीतरी ओरडलं, जपान्यांनी बॉम्ब टाकला. युद्धाचे दिवस होते, लोक वाट फुटेल तिकडे धावत होते. आजोबा मात्र म्हणत राहिले, ‘बॉम्ब असता तर आधी सायरन झाला असता.’ त्यांचा तर्क बरोबर होता. व्हिक्टोरिया डॉकमधलं फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटलं होतं. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. विमान आलं तर सायरन होईल, ही शिस्त शहरानं मनात ठसवून घेतली होती. धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या पोटात काय आहे, हे सांगणारा भोंगा कुठेच नव्हता. आजोबांना शेवटपर्यंत याचाच राग होता.

गिरणीचा भोंगा आणि हवाई हल्ल्याचा सायरन यांत ते चूक करत नसत आणि त्यामागे यंत्राचं कारण आहे. भोंगा वाफेवरचा. दोरी ओढली की पहिल्यापासून भरल्या गळ्यानं एकच सूर. सायरन विजेच्या मोटरीवरचा. आत पात्यांचं चाक, बाहेर खाचा असलेलं स्थिर कडं. चाक फिरलं की त्या खाचांची झपाट्यानं उघडझाप होते आणि हवेचे तुकडे पडतात. चाकाचा वेग वाढेल तसा सूर चढतो, म्हणून सायरन तळातून घुमत वर जातो. वीज तोडली की तसाच उतरतो. हे चढणं-उतरणं दोन मिनिटं चाललं की धोका. पुढे सलग एकाच सुरात दोन मिनिटं वाजला की धोका टळला.

आत्याच्या लहानपणी, डिसेंबर १९७१ मध्ये, हे पुन्हा अनुभवाला आलं. ३ डिसेंबरला युद्धाला तोंड फुटलं आणि मुंबईत काळोख पाळायला सुरुवात झाली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, मोटारींचे दिवे वरून अर्धे रंगवलेले, आणि चाळीखाली ‘दिवा मालवा!’ म्हणून ओरडणारे वॉर्डन. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. आत्या सांगते, चढउताराच्या सायरननं भीती वाटायची खरी, पण रडू यायचं ते सलग सुरावर, कारण मग आई पदराखालून सोडायची.

आता ही यंत्रं शोधायची तर मान वर करून चालावं लागतं. जुन्या पोलीस ठाण्यांच्या आणि सरकारी इमारतींच्या गच्चीकडे पाहावं. मधोमध आडवी मोटर, दोन्ही टोकांना उभ्या खाचांचे लोखंडी डबे, दुरून ढोलकीसारखा आकार. कधी वर पत्र्याचं छप्पर. खाली लोखंडी चौकट आणि मुख्य म्हणजे जाड केबल. केबल तोडलेली असली तरी तिच्या पट्ट्या भिंतीवर राहतात. आतल्या चाकाचा वाऱ्याशी संबंध नसतो. कारखान्याच्या पत्र्यावर वाऱ्यानं गरगरणारा ॲल्युमिनियमचा गोळा दिसला तर ती गरम हवा बाहेर काढायची पंखी. पाण्याच्या टाकीवर छत्रीची टोपी घातलेला पाइप हवा खेळती ठेवण्यासाठी असतो.

रस्त्याकडेचा ओतीव लोखंडाचा उंच पोकळ खांब मात्र भल्याभल्यांना फसवतो. नक्षीदार बुंधा, वर जाळीचा मुकुट, ना दिवा ना तार. कुणी त्याला गॅसबत्ती म्हणतं, कुणी युद्धातला भोंगा. बरेचदा तो गटारातला वायू घरांच्या वर सोडणारा खांब असतो. गॅसबत्तीच्या खांबाला दिव्याखाली बहुधा आडवा दांडा असतो, बत्तीवाल्याची शिडी टेकायला. मुंबईत गॅसचे दिवे १८६५ पासून. हे लोखंड आज भंगाराच्या भावानं जातं, आणि एकदा गेलं की पुन्हा ओतून कुणी देणार नाही. निदान नोंद तरी व्हायला हवी, फोटोसह, वॉर्डावॉर्डाची.

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. मुंबईत क्रॉस मैदानावरचा सायरन आत्यानं टीव्हीवर ऐकला आणि बातमीदारानं काही सांगण्याआधीच म्हणाली, ‘हा धोक्याचा.’ मी विचारलं, तुमचा कुठे होता? तिला आठवेना. मग विचारलं, आवाज कोणत्या खिडकीतून यायचा? ती लगेच म्हणाली, ‘मोरीच्या. म्हणून आई मोरीच्या दाराला गोधडी लावायची.’ मोरीची खिडकी पूर्वेला होती. त्या बाजूला, आड काही न येता, एकच जुनी सरकारी इमारत उभी आहे. तिच्या गच्चीवर चौकट दिसते, पत्र्याचं छप्पर दिसतं, भिंतीवरून खाली उतरलेल्या केबलच्या पट्ट्याही दिसतात. डबे आहेत की नाहीत, ते समोरच्या नव्या टॉवरच्या जिन्यातून दिसेल. तिथल्या वॉचमनशी बोलणं झालंय.